मोसंबीच्या बागेंतील गवत आणि यंत्राचें पातें



उन्हाळ्याच्या दिवसांत शहरांतील घरीं मोसंबीच्या रसाचा पेला पुढें येतो, तेव्हां त्या फळामागील बागेचा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येत असेल. आणि त्या बागेंतील गवताचा विचार तर कोणाच्याच मनांत येत नसेल. परंतु जालना जिल्ह्यांत या गवताचा प्रश्न कांहीं सोपा नाहीं. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकनाचा मान लाभलेला आहे. पण हीच मोसंबी २०१२-१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून उभी वाळली, आणि वर्षानुवर्षें जोपासलेलीं झाडें बागाईतदारांना डोळ्यांदेखत तोडावीं लागलीं. तेव्हांपासून जमिनींतील ओल कशी राखावी, या प्रश्नाला येथें जीवनमरणाचें महत्त्व आलें आहे.

पूर्वींचा रिवाज असा कीं, दोन ओळींमधील जमीन वखरानें किंवा नांगरानें वारंवार हालवून गवत निर्मूळ करावयाचें. बाग त्यायोगें स्वच्छ दिसे. परंतु मोसंबीचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें जमिनीच्या वरच्या थरांतच पसरलेलीं असतात. खोल मशागतीनें तीं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांवाटे रोगाचा शिरकाव होतो. शिवाय उघडी पडलेली जमीन उन्हानें तापते व ओल उडून जाते. म्हणून आतां पुष्कळ ठिकाणीं गवत मुळासकट न काढतां तें तीनचार इंचांवर कापावें, आणि कापलेलें गवत झाडाच्या घेराखालीं आच्छादन म्हणून पसरावें, अशी रीत पडत आहे. मात्र हें आच्छादन खोडापासून वीतभर दूर असावें. ओलें गवत खोडाला चिकटून राहिलें तर डिंक्या रोगाला आमंत्रणच मिळतें.

हें काम लहान ट्रॅक्टरमागें जोडलेलें गवत कापण्याचें यंत्र करतें. या यंत्राचा पूर्वज परदेशीं जन्मला. इंग्लंडांतील स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग या कारागिरानें १८३० सालीं गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील तंतू कातरून तें गुळगुळीत करणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याच्या यंत्रांतील पातीं रुळावर बसविलेलीं असत. आजच्या यंत्रांत तीं आडवीं फिरतात, आणि त्यांच्यावर उपड्या घातलेल्या घंगाळासारखें पत्र्याचें जाड झांकण असतें. तें झांकण, त्यांतील आंस, बेअरिंगें, पट्टा आणि पातीं हेंच या यंत्राचें काळीज होय.

पात्याचा वेग किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. अर्धा मीटर लांबीचें पातें मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर त्याचें टोक सेकंदाला सुमारें ७८ मीटर, म्हणजे तासाला सुमारें २८० किलोमीटर वेगानें धांवतें. जालन्याच्या काळ्या जमिनींत काळ्या पाषाणाचे तुकडे जागोजाग सांपडतात. असा एखादा खडा पात्याला लागून बाहेर उडाला, तर तो काय अनर्थ करील हें सांगावयास नको. म्हणून झांकणाच्या मागील बाजूस जाड रबराचे पडदे किंवा साखळ्यांची झालर लावणें, ही पहिली सुधारणा होय. यंत्र चालत असतां बागेंत मुलें किंवा जनावरें फिरूं देऊं नयेत, हा नियमहि त्याबरोबरच पाळला पाहिजे.

दुसरी गोष्ट समतोलाची. धार लावतांना पात्याच्या एका टोकाकडील अवघें १० ग्रॅम लोखंड जास्त झिजलें, तर वर सांगितलेल्या वेगांत आंसावर सुमारें २५ किलो वजनाइतका ओढा पडतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याबरोबर आपली दिशा बदलतो. बेअरिंग फुटतें, झांकणाला तडे जातात, आणि बिचारा चालक दोष देतो तो यंत्राला! यावर उपाय एका खिळ्याचा आहे. पातें मधल्या भोंकांतून आडव्या खिळ्यावर टांगावें. जें टोक खालीं झुकेल तेथील लोखंड थोडें घासावें. पातें आडवें स्थिर राहिलें म्हणजे काम झालें. धार लावतांना मूळचा उतार कायम ठेवावा, आणि लोखंड निळें पडेपर्यंत तापूं देऊं नये. निळें पडलेल्या पात्याचें पाणी उतरतें व त्याची धार टिकत नाहीं.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. ओलें गवत झांकणाच्या आंतून चिकटून राहतें. तेथें गंज धरतो आणि हवेची वाट अडते. काम संपतांच तें खरवडून काढावें, मग ग्रीस द्यावें. पत्रा झिजला असल्यास आंतून पट्टी वेल्डिंग करून घ्यावी. लोखंडाच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध असलेल्या जालना शहरांत पट्टीचें लोखंड दुर्मिळ नाहीं. परंतु झांकणाखालीं हात घालण्यापूर्वीं इंजिन बंद करावें, शक्ति देणारा दांडा सोडवावा, आणि वर उचललेल्या यंत्राखालीं लाकडी ठोकळे द्यावे. केवळ उचलणीच्या भरंवशावर त्याखालीं कोणीहि जाऊं नये.

सुधारणेच्या हौसेला मर्यादाहि हवी. काम लवकर व्हावें म्हणून पुली बदलून पात्याचा वेग वाढविण्याचा मोह होतो. वेग सव्वापट झाला, तर पात्यावरील ताण दीडपटीहून अधिक होतो. तसेंच दांड्याला एक नाजूक बोल्ट मुद्दाम बसविलेला असतो. पातें दगडांत अडकलें कीं तो तुटतो आणि गिअरची पेटी वांचवितो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याजागीं मजबूत बोल्ट घालणें म्हणजे चार पैशांचा बोल्ट राखून सबंध पेटी गमावणें होय. दगडाळ बागेंत ताठ पात्याऐवजीं बिजागरीवर झुलणारीं पातीं बसवावीं. दगड लागतांच तीं मागें सरतात.

आणि शेवटीं झाडाचें खोड. यंत्राची कड सालीला घासली तर त्या जखमेंतून डिंक्या शिरतो, आणि दहाबारा वर्षांचें झाड हळूहळू खचतें. म्हणून खोडाभोंवतालचें गवत विळ्यानेंच कापावें, आणि खोडाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचा बोर्डो मलम लावावा.

यंत्र नवें असो वा जुनें, त्याची काळजी घेणाऱ्याचें लक्ष जागें असलें म्हणजे तें निमूटपणें काम करतें. वखराची पास वेळच्यावेळीं लोहाराकडे नेणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी नव्यानें शिकवावयास नको. साधन तेवढें बदललें आहे. त्याची निगा राखण्याचा धर्म बदललेला नाहीं.