नाण्याची प्रत आणि नाण्याचें छायाचित्र



माझ्या संग्रहांत एक शिवराई आहे. तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशीं अक्षरें आहेत. आजोबांच्या देवघरांतील एका डब्यांत ती मला सांपडली, त्या वेळीं मी दहा वर्षांचा होतों. नाणें काळपट तपकिरी दिसत होतें. आमच्या घरीं तांब्याचीं भांडीं चिंचेनें घासण्याची रीत होती. तीच चिंच आणि वर चिमूटभर रांगोळी घेऊन मीं तें नाणें पाव तास घासलें. तें नव्या तांब्यासारखें लखलखूं लागलें, आणि मोठ्या अभिमानानें मीं तें आजोबांस दाखविलें. तेही कौतुकानें हंसले. आपण काय गमाविलें हें त्या दिवशीं आम्हां दोघांसही कळलें नाहीं.

नाणीं जमविण्याचा छंद ज्यांस आहे त्यांनीं दोन कामें स्वतः शिकलीं पाहिजेत. एक नाण्याची प्रत ठरविणें, आणि दुसरें त्याचें छायाचित्र घेणें. वरवर पाहतां हीं निराळीं वाटतात. परंतु दोहोंचा पाया एकच आहे. नाणें जसें आहे तसें पाहावयाचें आणि तसेंच दुसऱ्यास दाखवावयाचें.

प्रत म्हणजे टांकसाळींतून निघाल्यापासून नाणें किती झिजलें याचा अंदाज. यासाठीं संग्राहकांत इंग्रजी नांवें रूढ आहेत: ‘गुड’, ‘व्हेरी गुड’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’, आणि शेवटीं ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे व्यवहारांत न फिरलेलें. नवख्याची येथें फसगत होते. ‘गुड’ म्हटलेलें नाणें मुळींच चांगलें नसतें. राजाचा चेहरा केवळ बाहेरच्या रेषेवरून ओळखावा इतकें तें झिजलेलें असतें. १९४९ सालीं विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थानें आपल्या देशांतील १७९३ ते १८१४ या काळच्या तांब्याच्या सेंटांसाठीं १ ते ७० अशी अंकांची श्रेणी मांडली. सत्तर अंकांच्या नाण्यास एक अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत यावी, अशी त्याची कल्पना होती. किंमतीचें तें गणित बाजारानें मोडून टाकिलें. अंक मात्र टिकले, आणि आज इतर देशांच्या नाण्यांसही तेच लावितात. साठ व त्यावरील अंक व्यवहारांत न फिरलेल्या नाण्यांचे.

झीज पाहावयाची ती उंच भागांवर. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर केस, गाल आणि वस्त्रावरील वेलबुट्टी आधीं पाहावी. पंचम जॉर्जच्या रुपयावर त्याच्या झग्यावरील अलंकारांत एक लहानसा हत्ती आहे. १९११ सालच्या रुपयावरील हत्ती आंखुड सोंडेमुळें डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला, आणि १९१२ पासून त्याचें चित्र सुधारण्यांत आलें. त्या हत्तीचे पाय वेगळे दिसतात कीं एकमेकांत मिसळून गेले आहेत, हें भिंगाखालीं पाहिलें म्हणजे रुपया किती हातांतून गेला याचा बराच उलगडा होतो.

मात्र जें अस्पष्ट तें सर्व झिजलेलेंच, असें समजूं नये. शिवराई हातानें ठोकलेली. पुष्कळदां ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान; त्यामुळें एखादें अक्षर चकतीबाहेरच राहून गेलें. तो झिजेचा दोष नव्हे. उंच भाग गुळगुळीत व सपाट झाला असेल तर झीज. अक्षर पुसट असूनही तेथील पृष्ठभाग मूळचाच राहिला असेल तर ठसाच नीट उठलेला नाहीं.

तिसरी गोष्ट तेजाची. न वापरलेला रुपया दिव्याखालीं हळूहळू कलता करावा. उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरूं लागतात. ठसा बसतांना धातु कांठाकडे सरकतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा मागें राहतात. त्यांवरचा हा प्रकाशाचा खेळ आहे. नाणें एकदां घासलें कीं त्या रेषा गेल्या. पुढें कितीही चकाकी आणली तरी ती वेगळी.

आतां छायाचित्राकडे वळूं. नाणें नेहमीं कडेनें धरावें. बोटांच्या घामाचा डाग तांब्यावर कायमचा राहतो. कॅमेरा मोठा असो कीं मोबाइलमधला, तो हातांत न धरितां तिपाईवर बसवावा आणि नाण्याच्या पृष्ठभागाशीं अगदीं समांतर ठेवावा. फार जवळ नेल्यास त्याचीच सावली नाण्यावर पडते. आधीं पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घ्यावा, नाहीं तर चांदीचा रुपया पिवळा दिसतो. दिवा वरच्या बाजूस, किंचित् डावीकडे असावा. उजेड खालून आला तर उठावाचा चेहरा डोळ्यांस खोलगट भासतो. दोन्ही बाजूंचें आणि कांठाचेंही चित्र घ्यावें. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळाखालीं बारीक टिंब असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. तें टिंब चित्रांत दिसलें पाहिजे.

आणि येथेंच छंदी माणसाची परीक्षा होते. समोरून भरपूर उजेड टाकिला तर बारीक चरे बुजून जातात. दिवा खालीं आणून तिरपा केला तर तेच चरे उघडे पडतात. दोन वर्षांपूर्वीं एका संग्राहकांस शिवराई हवी होती, आणि त्यांजकडील एक रुपया मला हवा होता. अदलाबदलीचें ठरलें. मीं शिवराईचीं दोन छायाचित्रें घेतलीं. पहिल्यांत अक्षरें ठसठशीत आणि तांबें उजळ. दुसऱ्यांत रांगोळीच्या रेघा पंख्यासारख्या पसरलेल्या. दोन्ही चित्रें एकाच नाण्याचीं. पहिलें पाठवावें असें मनांत आलें, हें मी कबूल करितों. रात्रभर तें पाकीट टेबलावर पडून होतें. सकाळीं मीं त्यांत दुसरेंही चित्र घातलें आणि प्रतीपुढें ‘घासलेली’ असा शब्द लिहिला. त्यांनीं नम्रपणें नकार कळविला. रुपया मला मिळाला नाहीं आणि वाईट वाटलें. पुढें मात्र कोणतेंही नाणें घेण्यापूर्वीं ते त्याचें छायाचित्र मजकडे पाठवून माझें मत विचारूं लागले.

आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुने रुपये एखाद्या डब्यांत असतील. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम असे आणि त्यांत शेंकडा ९१.७ चांदी असे. ते वजन करून पाहा, दोन्ही बाजूंचीं चित्रें घ्या, आणि कोणाकडून आले तें कागदावर लिहून ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवूं नका. त्यांतील कित्येक पिशव्यांमुळें नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. आणि मुलांच्या हातीं चिंच, लिंबू, रांगोळी लागूं देऊं नका.

माझी शिवराई गेल्या चाळीस वर्षांत पुन्हां थोडी तपकिरी झाली आहे. तिरप्या उजेडांत रेघा अजून दिसतात. तिच्या पाकिटांतील चिठ्ठीवर मीं आजोबांचें नांव लिहिलें आहे, आणि खालीं नाणें कोणीं घासलें तेंही लिहिलें आहे.