दातांपुढे तंगूस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, मासे आठवत नाहीत. पण आमची कामवारी नदी खाडीला मिळते आणि ती खाडी पुढे वसईला समुद्राला. आठवडाभर सुताशी झटणारे आमच्यातले काही जण सुट्टीला गळ घेऊन त्या वाटेनं जातात. मी यंत्रमागावर जॉबर होतो. त्यामुळे मासा आणि माणूस यांच्यामधल्या दोरीबद्दल मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

‘काय दणका होता, वीस किलोचा तंगूस तोडला!’ असं किनाऱ्यावर नेहमी ऐकू येतं. मी आधी तुटलेलं टोक बघायला मागतो. टोक कुरळं झालेलं असेल, तर गाठ सरकून सुटली. सपाट कापलेलं असेल, तर दात लागले. टोकाजवळचा भाग खरखरीत, पांढुरका असेल, तर खडकाला नाहीतर माशाच्या अंगाला घासला. निव्वळ वजनानं तुटणं फार क्वचित. दातांपुढे वीस किलोचा तंगूस काय आणि पन्नासचा काय! म्हणून गळाजवळ तार लावायची.

पण सगळ्या माशांना एकच तार लावणं मला पटत नाही. सुरमईचे दात त्रिकोणी, लागून लागून बसलेले, आणि ती येते वेगानं. तिची नजरही चांगली. तिला पातळ, एकेरी स्टीलची वीतभर तार पुरे. वाम निराळी. तिच्या टाळूवरही दातांची रांग असते, आणि ती गळाला लागली की अंगाला पीळ देत फिरते. तारेच्या वरच्या टोकाला चांगली फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, नसेल तर दोरीचा गुंताच होतो. इथे अनेक पदरांची लवचिक तार बरी, कारण एकेरी तारेला एकदा मुरड पडली की ती तिथेच तुटते. मुरडलेली तार सरळ करून वापरणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याबरोबर मासे मारायला जात नाही. मोठी मुशी असेल तर दातांइतकीच तिची कातडी वाईट, कानस म्हणा ना. तिथे तार आणि वरचा जाड तंगूस मिळून माशापेक्षा लांब हवेत.

आता गाठ. मागावर ताण्याचा धागा तुटला की कापडात उभी रेघ पडत जाते. तो धागा जोडायची विणकराची गाठ इथल्या पोरासोरांनाही येते. गंमत म्हणजे जाळं विणणारा जी गाठ मारतो, तिचा आकारही तोच. सुतावर ती पक्की बसते, कारण सुताला लव असते. तंगूस गुळगुळीत, त्यावर ती एकेरी मारली तर सरकते. म्हणून तंगुसाला जास्त वेढ्यांच्या गाठी लागतात, आणि त्या आवळण्याआधी थुंकीनं ओल्या कराव्या लागतात. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेनं तंगूस दुखावतो.

एकेरी तारेला गाठ मारत नाहीत, पीळ देतात. आधी दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे फिरवायचे, मग सुटं टोक आडवं, वेढ्याला वेढा लागून गुंडाळायचं. नुसते आडवे वेढे ओढ बसली की सरकतात. उरलेलं टोक पकडीनं कापू नये, मुठीसारखं वळवून फिरवलं की ते जवळच तुटतं. कापलेली तार बोट फाडते. अनेकपदरी तारेला तांब्याची छोटी नळी घालून ती योग्य हत्यारानं दाबायची.

इतकं करूनही काहीतरी तुटणारच. कुठे तुटावं, हे मात्र आपल्या हातात आहे. माझ्या जोडणीत सर्वांत कच्ची जागा स्विव्हलच्या लगेच वरची गाठ असते. तुटलंच, तर माशाबरोबर हातभर ऐवज जातो. रिळाजवळ तुटलं, तर शंभर मीटर तंगूस ओढत तो मासा फिरतो, कशाला तरी अडकतो आणि मरतो. रिळाचा ब्रेकही तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतो. आणि गळ साध्या पोलादाचे घेतो, स्टेनलेसचे नाही. तोंडात राहिलेला साधा गळ खाऱ्या पाण्यात गंजत तरी जातो.

मासा काठाशी आला की तार हाताला गुंडाळू नका. जाड हातमोजे घाला. तारेत बोट अडकलं आणि माशानं शेवटची उडी घेतली, तर बोट वाचत नाही.

व्हेल शार्क आणि करवत मासा यांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मुशीसाठी टाकलेल्या गळाला करवत मासा लागू शकतो. तेव्हा त्याला पाण्याबाहेर ओढू नका, गळाच्या जितकं जवळ जमेल तितकं तार कापा आणि जाऊ द्या. साध्या कात्रीनं ती कापली जात नाही. तार कापायची पक्कड कमरेला बांधलेली हवी, पिशवीच्या तळाशी नको.