आधीं खराटा, मग पाटी

करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगी हें कोल्हापूर शहरालगतचें गांव. शहराचा शेजार लाभला कीं रहदारी येते, बाजार येतो, आणि त्यांच्या पाठोपाठ रस्त्याकडेचा कचराहि येतो. अशा गांवांच्या वेशीवर ‘येथें कचरा टाकूं नये’ अशी पाटी असते, आणि पुष्कळदां ढीग त्या पाटीखालींच वाढत असतो. लोकांना वाचतां येत नाहीं असें नव्हे. पाटी एक सांगते, ढीग दुसरेंच सांगतो. आणि जाणाऱ्याचा विश्वास ढिगावर बसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेंच दिसलें. जागा आधींच घाण असली कीं लोक तेथें अधिक कचरा टाकतात. स्वच्छ जागीं हात अडखळतो.

हें मर्म महाराष्ट्रांत गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) त्यापूर्वींच कृतीनें दाखविलें होतें. गांवांत येतांच ते खराटा घेऊन रस्ते झाडीत. कीर्तन रात्रीं होई. कीर्तनांतहि ते प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे, म्हणून तें त्यांचें स्वतःचें होई. २०००-०१ सालीं राज्य शासनानें त्यांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, तेव्हां गांवागांवांत चढाओढ लागली. झाडणें हें कमीपणाचें काम न राहतां गांवाच्या लौकिकाचें काम झालें. अमेरिकेंतील टेक्सास राज्यानेंहि १९८६ सालीं रस्त्यावर कचरा फेंकणाऱ्या तरुणांना उपदेश न करतां त्यांच्या प्रांताभिमानाला हांक घातली, आणि तेथील रस्त्यांवरील कचरा पुष्कळ घटला.

महाराष्ट्रांत २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कायदा हवाच; परंतु तो प्रत्येक वळणावर उभा राहूं शकत नाहीं. तेथें उपयोगी पडते ती चार लोकांची भीड.

म्हणून गडमुडशिंगीसारख्या गांवानें आधीं रस्त्याचा एक लहान तुकडा झाडून घ्यावा व तो रोज तसाच राखावा. चहाच्या गाड्याजवळ टोपली असावी, आणि ती भरून वाहण्यापूर्वीं रिकामी व्हावी. वाहणारी टोपली म्हणजे दुसरा ढीगच. पाटी त्यानंतर लावावी, आणि तिच्यावर मनाईऐवजीं गांवानें प्रत्यक्ष केलेली गोष्ट लिहावी: ‘हा रस्ता गडमुडशिंगीकर रोज झाडतात.’ हें वाक्य खोटें ठरूं न देण्याची जबाबदारी मग साऱ्या गांवावर येते. पाटीचें खरें बळ तेंच.