हृदयाची संप्रेरके

हृदय रक्त पंप करते, हे आपण शाळेतच शिकतो. पण तेच हृदय रक्तात संप्रेरकेही सोडते, हे सिद्ध व्हायला १९८१ साल उजाडले. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात त्यांना भरपूर लघवी होऊ लागली आणि तिच्यावाटे मीठही बाहेर पडू लागले. खालच्या कप्प्यांच्या अर्काने मात्र असे काही घडले नाही. या संप्रेरकाला आज एएनपी म्हणतात. त्याचेच भावंड बीएनपी, १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले.

हृदयात रक्त तुंबले की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि ही संप्रेरके सुटतात. ती मूत्रपिंडांकरवी मीठ-पाणी बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैल करतात. हृदय असे स्वतःचे ओझे स्वतःच हलके करू पाहते.

मग हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय दुबळे पडल्यावर, अंगात पाणी का साठते? अशा वेळी मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते. शरीराला वाटते, रक्तच कमी पडले. म्हणून मीठ-पाणी धरून ठेवणारी अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके जोर धरतात. बीएनपी कितीही वाढले तरी त्यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही.

पण हीच वाढ निदानाच्या कामी येते. धाप फुफ्फुसामुळे लागते की हृदयामुळे, हे ठरवायला बीएनपी किंवा त्याच्याशी निगडित एनटी-प्रोबीएनपीची रक्ततपासणी मोठी मदत करते. अचानक धाप लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. मात्र वाढते वय आणि मूत्रपिंडविकार यांत आकडा चढतो, तर लठ्ठपणात उतरतो. म्हणून नुसत्या कागदावरून निष्कर्ष काढू नये.

उपचारालाही याच ज्ञानाचा आधार मिळाला. एएनपी-बीएनपी मोडून टाकणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराला सॅक्युबिट्रिल हे औषध रोखते, तर सोबतचे व्हॅल्सार्टन अँजिओटेन्सिनला अडवते. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत, जुन्या एनालाप्रिल या औषधाच्या तुलनेत, हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होण्याचा धोका या जोडीने सुमारे २० टक्क्यांनी कमी केला.

तेव्हा घरातल्या कुणाला आडवे होताच धाप लागत असेल, उशीवर उशी रचावी लागत असेल, पायाच्या घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर 'वयच झालंय' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि बीएनपीची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. वेळेत निदान झाले, तर आज उपचार आहेत.