गाडीवरचा पिवळा दिवा
(वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी चहा-फराळाच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, तुमच्या स्कूटरच्या दिव्याची हकीकत सर्वांना सांगा. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. यंत्राबिंत्रातले मला काय कळणार? परंतु आज आपल्यापैकी निम्म्याजणी तरी गाडीवरून इथे आल्या आहेत. माझ्यावर आलेला प्रसंग उद्या तुमच्यावरही येईल. म्हणून चार शब्द बोलते. चुकेल ते पदरात घ्यावे.

आमची स्कूटर २०२१ सालची. भाजी, दळण, मुलीची शिकवणी सारे तिच्यावरच चालते. शिवाय २०२४ सालच्या पावसाळ्यात सासूबाईंचा खांदा आखडला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना व्यायामासाठी विश्रामबागेतून मिरजेला न्यायचे कामही माझ्याचकडे आले. दिवाळीपूर्वी गाडीचे सर्व्हिसिंग करून घेतले. दिवाळी होते न होते तोच एके दिवशी मिरजेच्या रस्त्यावर हँडलजवळ इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मी घाबरून गाडी बाजूला घेतली, किल्ली बंद केली, पुन्हा सुरू केली. दिवा नाही! गाडीही नेहमीसारखी चालली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता माझा वेडेपणा सांगते, हसू नका. तो दिवा डोळ्यांना दिसू नये म्हणून मी त्यावर चक्क एक टिकली चिकटवली! चार दिवस मला फार बरे वाटले. मग मागे बसलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "अगं, टिकलीच्या कडेने उजेड येतोय बघ." तेव्हा कुठे मला लाज वाटली.

जिथे सर्व्हिसिंग केले होते तिथे गाडी नेली. एका मुलाने तिच्यावरून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काकू, काही नाही. दिवा लागला की आणा." आता मला सांगा, दिवा लागतो तो भर रस्त्यात. तो तसाच ओंजळीत धरून यांच्याकडे कसा न्यायचा? घरी आले तर आमचे हे म्हणाले, "गाडी नीट होईपर्यंत आईला मागे बसवू नकोस. रिक्षाने जा." त्यांचे म्हणणे काळजीपोटीच होते. परंतु आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन रिक्षा आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हे. अन् खरे सांगू? ही गाडी मी पस्तिशीत शिकले. ती हातची गेली तर पुन्हा प्रत्येक कामाला कुणाचे तरी तोंड बघावे लागेल, याचे मला फार वाईट वाटले. व्यायामासाठी मी त्यांना हळूहळू गाडीवरूनच नेत राहिले. पण मनात भीती होतीच.

त्या रात्री मी दुधाच्या हिशेबाची वही काढली आणि तिच्या मागच्या पानावर खाने पाडले. तारीख, कुठे गेले, गाडीवर कोण होते, पेट्रोल किती, दिवा लागला की नाही. बस्स, एवढेच. ११ नोव्हेंबर, मिरज, दिवा. १२ नोव्हेंबर, मंडई, नाही. १३ ला मिरज, दिवा. १४ ला पंधरा किलो ज्वारी पाय ठेवायच्या जागेत घेऊन गिरणीत गेले, नाही. १८ ला मिरज, पुन्हा दिवा. मी मनात म्हटले, सापडले! मिरजेच्या रस्त्याच्या खाचखळग्यांनीच हे होत असणार.

१९ तारखेला पुन्हा गाडी दाखवली. या वेळी त्यांनी स्कॅनर जोडला. दिवा विझला तरी बिघाडाची नोंद गाडीच्या आतल्या संगणकात राहते, हे मला तेव्हा समजले. नोंद निघाली ऑक्सिजन सेन्सरची. "बदलून बघू," म्हणाले. खर्च अडीच हजार. त्या 'बघू'ने माझे मन कचरले. "घरी विचारून सांगते," म्हणून मी गाडी परत आणली.

दुसऱ्या दिवशी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदान. केंद्र दोनच गल्ल्या पलीकडे होते. सासूबाईंना गाडीवर बसवून निघाले. शाळेपुढचा स्पीडब्रेकर ओलांडला आणि दिवा लागला! मिरज कुठे, आमची गल्ली कुठे. म्हणजे दोष रस्त्याचा नव्हता. वही पुन्हा पाहिली. जिथे जिथे 'दिवा', तिथे तिथे गाडीवर दोघी. २१ तारखेला मुद्दाम एकटी मिरजेला जाऊन आले. सगळे खड्डे तेच; दिवा नाही. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच वजनाने दिवा लागतो म्हण की!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. परंतु त्या बोलल्या ते अगदी खरे निघाले.

२३ तारखेला गल्लीच्या तोंडाशी जे जुने मेस्त्री आहेत त्यांच्याकडे वही घेऊन गेले. मतमोजणीचा दिवस, सगळे मोबाइलवर निकाल ऐकत होते. मेस्त्रींनी मोबाइल बाजूला ठेवला आणि वही दोनदा वाचली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही निम्मे काम करून आणलेत." मग त्यांनी जे समजावले ते माझ्या भाषेत सांगते.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात धुराचे नियम कडक झाले. तेव्हापासून बहुतेक स्कूटरींतला कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचे ते एक लहान संगणक ठरवू लागला. धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर त्याला कळवतो. आपण आमटीची चव घेऊन मीठ कमीजास्त करतो, तसा तो पेट्रोल कमीजास्त करतो. चव कळेनाशी झाली की तो अंदाजाने मीठ घालतो आणि पिवळा दिवा लावतो. म्हणून गाडी चालते, पण पेट्रोल जास्त खाऊ शकते. माझ्या वहीत तेही दिसत होते.

"पण," मेस्त्री म्हणाले, "संगणकाला एवढेच कळते की सेन्सरकडून निरोप येत नाही. निरोप देणारा आजारी आहे, की वाटेतला पूल तुटला आहे, हे त्याला कळत नाही." स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली हलते. मागे माणूस बसले की गाडीचे अंग खाली दबते. म्हणून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी थोड्या सैल ठेवाव्या लागतात. त्यांनी सीटखालची डिकी काढली आणि पोराला मागून गाडी दाबायला सांगितले. माझ्या डोळ्यांदेखत एक वायर तारेसारखी ताणली गेली! कुणीतरी ती चुकीच्या बाजूने घेऊन प्लास्टिकच्या टायने आवळून बांधली होती. त्या ओढीने कपलरमधली पिन अर्धी बाहेर आली होती. एकटीच्या वजनाला ती टेकून राही. दुसरे माणूस बसून दणका बसला की सुटे. चक्कर मारणारा मुलगा एकटाच बसला होता, त्याला दोष कसा दिसावा?

पिन बसवली, वायर सैल करून योग्य जागी बांधली, जुनी नोंद पुसली. दीडशे रुपये घेतले. सेन्सर तोच आहे. सोमवारी सासूबाईंना घेऊन मिरजेला गेले. दिवा नाही. तरी पुढे महिनाभर वही लिहिली, कारण येऊन-जाऊन असणारा दोष एका दिवसात गेला असे म्हणता येत नाही. सगळे खाने 'नाही'चे भरले. आमच्या ह्यांनी ती वही वाचली आणि एवढेच म्हणाले, "आता माझी गाडीही तूच बघ."

भगिनींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. मुळीच लागत नसेल तर तेही दाखवा. चालताना लागला तर घाबरू नका, पण वेग कमी करा आणि लवकर गाडी तपासून घ्या. इंजिन अडखळत असेल तर पुढे रेटू नका. आणि दिवा विझला म्हणून "नोंद पाहायची गरज नाही" असे कुणी म्हटले तर ऐकू नका. स्कॅनर लावायला सांगा.

सर्वांत मुख्य म्हणजे लिहून ठेवा. गाडी रोज वापरणारीला जे दिसते ते दहा मिनिटे पाहणाऱ्याला दिसत नाही. परंतु "कधी कधी लागतो" असे म्हटले की आपले कुणी ऐकत नाही. "दोघी बसल्यावर, दणका बसला की लागतो" म्हटले की ऐकतात. अधूनमधून येणारी चक्कर, अधूनमधून दुखणारी छाती यांवरही आपण अशाच टिकल्या लावून बसतो. त्याही डॉक्टरांकडे तारीखवार लिहून न्या, एवढीच हात जोडून विनंती.

सासूबाईंचा हात आता डोक्याच्या वर जातो. आज त्या माझ्याच मागे बसून आल्या आहेत आणि पहिल्या रांगेत हसत आहेत.