उद्याचा सामना आणि आपली तालीम

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, फुटबॉल सामन्याच्या आदल्या दिवशी केलेले भाषण)



उद्या दुपारी चार वाजता आपल्या गावच्या मैदानावर दोन महाविद्यालयांचा सामना आहे. एक संघ आपल्या माण तालुक्यातला, दुसरा कृष्णाकाठचा. आपल्या समाजाची मुले दोन्ही संघांत आहेत. काही येथेच शिकतात, काही मामाकडे, चुलत्याकडे राहून तिकडे शिकतात. त्यामुळे या सभागृहातही दोन पक्ष पडले आहेत, हे मला आत येतानाच कळले. अध्यक्षसाहेबांनी मला सांगितले, "सर, तुम्ही दोन्ही संघांचा खेळ पाहिला आहे. कोण वरचढ, ते एकदा सांगून टाका." ते मी सांगणार आहे. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

प्रथम आपला संघ घ्या. आपल्या मुलांचे पहिले बळ म्हणजे दम. वाडीवस्तीवरून तीन-चार मैल चालत शाळेला आलेली ही पोरे आहेत. माणच्या मातीत पाणी कमी असेल, पण धावणारे पाय या मातीने दिले आहेत. आपल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि जगात दहावी आली. दुष्काळी तालुक्यातल्या मुलीने हे केले. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो आणि मधल्या फळीतला खेळाडू तेवढ्या वेळात आठ-दहा किलोमीटर सहज पळतो. तेथे आपली मुले कमी पडणार नाहीत. आपली बचावफळीही धिप्पाड आहे, डोक्याने चेंडू चांगला खेळते.

आता उणे काय ते सांगतो, रागावू नका. आपली मुले चेंडू मिळाला की लांब टोलवतात आणि त्याच्यामागे धावत सुटतात. शेजारी साथीदार मोकळा उभा असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. चेंडू पायाशी असला की मान खाली जाते. हा दोष पायांचा नाही, सवयीचा आहे.

पाहुण्यांचा संघ नेमका याच्या उलट आहे. त्यांतील काही मुले कोल्हापूरच्या मैदानावर खेळून तयार झाली आहेत. लहान लहान पास, चेंडू जमिनीवर, एक खेळाडू चेंडू देऊन लगेच मोकळ्या जागेत जाणार. पाहत राहावे असा खेळ आहे. त्यांचा गोलरक्षक चपळ आहे. मात्र त्यांना हिरवळीची सवय आहे. आपले मैदान मुरमाड. येथे चेंडू उसळतो, पास अडखळतो आणि पडले की गुडघा सोलतो. शिवाय दुपारच्या उन्हात शेवटच्या वीस मिनिटांत ते दमतात, हे मी दोन सामन्यांत पाहिले आहे.

मैदानाचा हा मुद्दा क्षुल्लक समजू नका. आपल्या देशाच्या फुटबॉलचा इतिहास या एका मुद्द्यावर फिरलेला आहे. 1911 साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला दोन विरुद्ध एक गोलने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या अकरा जणांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. साऱ्या देशाला त्या विजयाचा अभिमान वाटला. पुढे 1934 साली मोहमेडन स्पोर्टिंग हा संघ कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत नुकताच चढून आला आणि त्याच वर्षी अजिंक्य ठरला. लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. 1938 पर्यंत सलग पाच वर्षे त्याने लीग जिंकली, आणि 1940 साली ड्युरँड चषक जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच.

हे कशाने घडले? कलकत्त्याची लीग पावसाळ्यात खेळतात. चिखलात अनवाणी पाय घसरतो, हे त्या संघाच्या चालकांनी ओळखले आणि ओल्या मैदानासाठी खेळाडूंना बूट घालून खेळायची सवय लावली. दूरदूरच्या शहरांतून चांगले खेळाडू शोधून आणले. म्हणजे दुआ तर होतीच, पण दुआच्या जोडीला डोके आणि मेहनत होती. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या दिवसांत काही लोकांनी संघाचा विजय हा जमातीचा विजय आणि संघाचा पराभव हा जमातीचा अपमान मानायला सुरुवात केली. मैदानावरची चुरस मैदानाबाहेर गेली आणि कडवट झाली. चेंडूला जात नसते, धर्म नसतो. ती आपण त्याला चिकटवतो. उद्याच्या दोन्ही संघांत सर्व समाजांची मुले आहेत, आणि हीच त्या संघांची शोभा आहे.

मित्रहो, आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

मी कोल्हापुरात शिकायला होतो. कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला ठाऊक आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, अशी एकेका संघाची नावे. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात. माझ्या खोलीत राहणारा मित्र एका संघाचा, मी दुसऱ्याचा. आम्ही एका ताटात जेवत होतो. माझ्याकडे पुस्तक नसले तर तो मोठ्याने वाचायचा आणि मी ऐकायचो. एका सामन्यात माझा संघ जिंकला. गर्दीच्या नशेत मी मित्राच्या गरिबीवरून, त्याच्या वडिलांच्या हातगाडीवरून चार लोकांत काहीतरी बोललो. लोक हसले. तो काही बोलला नाही. रात्री त्याने वळकटी बांधली आणि दुसऱ्या खोलीत गेला. त्या वर्षाचा चषक कोणी नेला, हे आज मला आठवत नाही. त्याचा चेहरा मात्र आठवतो. पुष्कळ वर्षांनी मी माफी मागायला गेलो, तेव्हा तो या जगात नव्हता.

म्हणून उद्या मैदानाकडेला उभे राहणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे. ओरडा, टाळ्या वाजवा, घसा बसू द्या. पण कोणाच्या आईबापावर, घरावर, गावावर जाऊ नका. मोबाईलवर तर मुळीच नाही, कारण तोंडचा शब्द हवेत विरतो, पण मोबाईलवरचा शब्द राहतो.

आता पालकांकडे वळतो. आपल्या संघाचा एक चांगला बचावपटू उद्या खेळेल की नाही, हे अजून ठरलेले नाही. त्याचा एक विषय राहिला आहे आणि वडिलांनी खेळ बंद केला आहे. ते येथे बसलेले आहेत. त्यांची बाजू खोटी नाही. ज्याने उन्हातान्हात राबून फी भरली, त्याला पोराचा निकाल विचारायचा पूर्ण हक्क आहे. खेळाचे गुण मिळतात, खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के राखीव जागा आहेत, असे सांगून मी त्यांना भुलवणार नाही. त्या सवलती वरच्या पातळीवर चमकणाऱ्यांना मिळतात. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखा एखादाच मुलगा 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की शिक्षा द्या, पण तोडू नका. पहाटे दोन तास अभ्यास, संध्याकाळी एक तास मैदान, अशी वेळ बांधून द्या. राहिलेला विषय मी स्वतः शिकवीन. त्याने रोज माझ्याकडे यावे. मैदानावरून उचललेला मुलगा पुस्तकाकडेच जातो असे नाही, तो पुष्कळदा कट्ट्यावर जाऊन बसतो. हे मी शिक्षक म्हणून पाहिले आहे.

'तालीम' हा शब्दच पाहा ना. शब्द अरबी. आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण, आणि कोल्हापूरच्या पेठेत तालीम म्हणजे आखाडा, व्यायामशाळा. शब्द एकच. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, मुस्लिम बोर्डिंग उभे केले. त्याच महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. त्या थोर पुरुषाला या दोन तालमींत भांडण दिसले नाही. मग आपल्याला का दिसावे?

आता अध्यक्षसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर. कौशल्यात पाहुणे वरचढ आहेत, दमात आपण. माझा अंदाज असा की पूर्वार्ध पाहुण्यांचा असेल. त्या पंचेचाळीस मिनिटांत आपल्या बचावफळीने एकच गोल खाल्ला, तर उत्तरार्धातली शेवटची वीस मिनिटे आपली आहेत. पण त्यासाठी एक अट आहे. आपल्या मुलांनी मान वर करून साथीदाराकडे पाहिले पाहिजे. दोन गोल खाल्ले, तर सामना त्यांचा.

शेवटी एक विनंती. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे जेवण आपल्या संस्थेत आहे. आयाबहिणींनी भाकरी आणि कालवण करण्याचे आनंदाने कबूल केले आहे. पंगत मात्र मी लावणार आहे. एक मुलगा आपला, एक पाहुण्यांचा, अशी. कोण जिंकले हे त्या पंगतीकडे पाहून परक्या माणसाला ओळखता येऊ नये. मुलींनीही सामना पाहायला जरूर यावे; मोहीच्या मुलीला धावताना कोणी अडवले असते, तर आज आपण कोणाचे नाव घेतले असते?

 त्या बचावपटूच्या वडिलांनी मघापासून माझ्याकडे पाहून दोनदा मान हलवली आहे. ती होकाराची होती, असे मी धरून चालतो आणि माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.