रुळाआधी सातबारा



मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्ग 508 किलोमीटरचा. ताशी 320 किलोमीटर वेगाला वळण फार मोठे लागते. एकेका शेताला वळसा घालता येत नाही. पालघर जिल्ह्यातल्या शेतजमिनी त्यात गेल्या. यातून धडा घ्या.

आपल्या शिवारातून नवा मार्ग जाणार असे कळले, की आधी सातबारा पाहा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, आंबा-चिकूची झाडे मोजून पंचनाम्यात लिहवून घ्या. वाचल्याशिवाय सही नको. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली, तर 60 दिवसांत लेखी हरकत द्या, पोच जपा.

नोंदच नसेल, तर मोबदला कशाचा मागणार?